डेस्कटॉपवरचे शॉर्टकट उघडणारी बॅच फाइल नव्या संगणकावर चालत नाही. मदत हवी

कण्हेर
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते. सकाळी आल्या आल्या ठरलेल्या गोष्टी उघडाव्या लागतात: बिलिंगचं सॉफ्टवेअर, स्कॅनरचा प्रोग्राम, जीएसटी आणि आयकराची पोर्टलं, झेड ड्राइव्हवरची आवक-नोंदीची एक्सेल आणि 'साताऱ्याचे ग्राहक' नावाचं फोल्डर. सगळ्यांचे शॉर्टकट डेस्कटॉपवर आहेत. पूर्वी इथे असलेल्या एका मुलाने बॅच फाइल करून दिली होती. तिच्यावर डबलक्लिक केलं की सगळं एका दमात उघडायचं आणि तोवर मी चहा घेऊन यायचे.

आता संगणक नवा आला, विंडोज ११ चा. जुनी फाइल पेनड्राइव्हवरून आणली आणि पत्ते बदलले. नव्या संगणकात युजरचं नाव दोन शब्दांचं आहे, म्हणून प्रत्येक पत्ता अवतरणचिन्हांत घातला. 'साताऱ्याचे ग्राहक'ची ओळ नवीन लिहिली. चालवल्यावर प्रोग्राम एकही उघडत नाही. काळ्या रिकाम्या खिडक्यांची रांग लागते आणि प्रत्येकीच्या माथ्यावर शॉर्टकटचा पूर्ण पत्ता असतो.

इथे रोमन लिहिता येत नाही, म्हणून उच्चाराप्रमाणे एक ओळ देते:

स्टार्ट "सी:\युजर्स\ऑफिस पीसी\डेस्कटॉप\बिलिंग.एलएनके"

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज
राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून बघा. माझं निम्मं दुखणं त्यानेच बरं होतं.

बिनतारी
ताई, उत्तर तुमच्या वर्णनातच आहे. स्टार्ट या आज्ञेची जुनी खोड आहे: तिला मिळालेला पहिला अवतरणातला मजकूर ती खिडकीचं शीर्षक समजते. तुम्ही पत्ता अवतरणात दिलात, तिने तो शीर्षक म्हणून लावला आणि उघडायला काही दिलेलंच नाही म्हणून रिकामी खिडकी उघडून दिली. जुन्या फाइलमध्ये अवतरणंच नव्हती, म्हणून इतकी वर्षं हे कधी आडवं आलं नाही.

उपाय म्हणजे आधी एक रिकामं शीर्षक द्यायचं:

स्टार्ट "" "सी:\युजर्स\ऑफिस पीसी\डेस्कटॉप\बिलिंग.एलएनके"

दोन अवतरणचिन्हं लागून, मध्ये काही नाही, मग जागा, मग पत्ता. सगळ्या ओळींत हेच करा.

जुना खेळाडू
बिनतारी यांना +१.

चहाबाजराव, या बाबतीत ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणे उलट त्रासाचे ठरेल. चढ्या अधिकारांनी सुरू झालेली स्क्रिप्ट वेगळ्या लॉगऑन सत्रात चालते आणि तुम्ही नेहमीच्या सत्रात जोडलेले झेड ड्राइव्ह तिला दिसत नाही. आवक-नोंद हमखास अडेल. शिवाय तिच्यातून उघडलेला प्रत्येक प्रोग्रामही चढ्या अधिकारांनीच उघडतो. मग एक्सप्लोररमधून एखादी फाइल ओढून त्या खिडकीत टाकू गेलात तर टाकता येत नाही, कारण खालच्या अधिकारांच्या खिडकीने वरच्या खिडकीत काही टाकणे विंडोज अडवते. रोजच्या कामाची स्क्रिप्ट साध्या अधिकारांनीच चालवावी.

चहाबाज
बरं बाबा. चहा घेतो.

कण्हेर
बिनतारी, काळ्या खिडक्या गेल्या! पण आता प्रत्येक ओळीला 'विंडोज कॅनॉट फाइंड' असा संदेश येतो. शॉर्टकट तर डोळ्यांसमोर आहेत. पत्त्यातलं स्पेलिंग तपासलं, बरोबर आहे.

उपेक्षित कर्सर
डोळ्यांसमोर आहेत, पण तुम्ही लिहिलेल्या फोल्डरमध्ये नाहीत. डेस्कटॉप म्हणजे एक फोल्डर असं आपण धरून चालतो. विंडोज पडद्यावर जे दाखवतं ते निदान दोन फोल्डरांचं मिळून केलेलं चित्र असतं. एक तुमचं स्वतःचं आणि दुसरं त्या संगणकावरच्या सगळ्या युजरांचं सामाईक. सामाईकाचा पत्ता 'सी:\युजर्स\पब्लिक\डेस्कटॉप'. सॉफ्टवेअर बसवताना 'सगळ्यांसाठी' हा पर्याय निवडला असेल तर त्याचा शॉर्टकट सहसा तिकडे पडतो. पडद्यावर मात्र दोन्हीकडचे आयकॉन शेजारी शेजारी बसतात आणि वरवर पाहून काही कळत नाही.

हे झालं एक. दुसरं, तुमचं स्वतःचं डेस्कटॉप फोल्डरसुद्धा जुन्या जागी असेलच असं नाही. वनड्राइव्हमध्ये फोल्डरांचा बॅकअप सुरू असेल तर डेस्कटॉपचा मुक्काम युजरच्या फोल्डरातल्या वनड्राइव्ह फोल्डरमध्ये हलतो. पत्ता होतो 'सी:\युजर्स\ऑफिस पीसी\वनड्राइव्ह\डेस्कटॉप'. ऑफिसचं खातं असेल तर वनड्राइव्हच्या पुढे डॅश आणि संस्थेचं नावही लागतं. नवा संगणक सुरू करताना ईमेल खात्याने आत शिरलं की हा बॅकअप बऱ्याचदा सुरूच असतो.

अंदाज बांधत बसू नका. प्रत्येक शॉर्टकटवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, 'जनरल' टॅबवर 'लोकेशन' पाहा. तिथे जे लिहिलंय तोच खरा पत्ता. ओळखायची आणखी एक खूण: शॉर्टकट पुसू गेल्यावर विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागत असेल तर तो सामाईक डेस्कटॉपवरचा. (पुसू नका, 'कॅन्सल' करा.)

विंडोज मराठीत लावलं असेल तर एक्सप्लोररमध्ये फोल्डरचं नाव 'डेस्कटॉप' असं देवनागरीत दिसू शकतं. ते फक्त दाखवण्यापुरतं असतं. डिस्कवर नाव वेगळं असू शकतं आणि स्क्रिप्टला डिस्कवरचं लागतं.

पेंग्विनपंत
म्हणूनच मी म्हणतो, लिनक्स घ्या.

बिनतारी
पंत, तुमच्याकडे डेस्कटॉपवरची लाँचर फाइल 'एक्सडीजी-ओपन' या आज्ञेने उघडली की प्रोग्रामच्या जागी त्या फाइलचा मजकूर एडिटरमध्ये उघडतो, त्याचं काय?

पेंग्विनपंत
तिथे 'जीआयओ लाँच' वापरायचं. आणि उबुंटूवर फाइलला राइट क्लिक करून आधी 'अलाउ लाँचिंग' द्यायचं. पण मुद्दा तो नाही.

बिनतारी
:)

कण्हेर
कर्सर, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. बिलिंग आणि स्कॅनरचे शॉर्टकट पब्लिकमध्ये, बाकीचे वनड्राइव्हमध्ये. पत्ते बदलले. बिलिंग, स्कॅनर आणि आवक-नोंद उघडतात.

राहिली दोन पोर्टलं आणि ग्राहकांचं फोल्डर. पोर्टलांच्या ओळी मी बाकीच्यांसारख्याच 'डॉट एलएनके' (शॉर्टकट फाइलींच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन) लावून लिहिल्यात. 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाइल एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू केला, तरी शॉर्टकटांच्या नावापुढे काहीच दिसत नाही. असं का?

उपेक्षित कर्सर
शॉर्टकटांचं एक्स्टेन्शन लपवायचं, तो पर्याय चालू असला तरीही, अशी सूचना विंडोजच्या रजिस्ट्रीतच आहे. 'नेव्हर शो ईएक्सटी' असं तिचं नाव. त्यामुळे एक्सप्लोररमध्ये ते दिसायचं नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या फोल्डरमध्ये 'डीआयआर' करा, सगळं दिसेल.

तुमची पोर्टलं बहुतेक ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतून ओढून डेस्कटॉपवर टाकलेली असतील. अशी फाइल 'डॉट यूआरएल' होते. ती साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडच्या खिडकीत ओढून टाकलीत तर आत कंसात 'इंटरनेट शॉर्टकट' आणि खाली पत्ता, एवढंच. एलएनके मात्र बायनरी. तिचा शीर्षभाग ७६ बाइटांचा असतो आणि ही ७६ ची नोंद अगदी पहिल्याच बाइटात असते. आस्कीमध्ये ७६ म्हणजे रोमन एल, त्यामुळे कुठलीही एलएनके नोटपॅडमध्ये पाहिली की पहिलं अक्षर एलच निघतं. अवांतर झालं, पण मला हे आवडतं.

कण्हेर
यूआरएल केलं, पोर्टलं उघडली. आता फक्त 'साताऱ्याचे ग्राहक'. संदेशात नावाच्या जागी चित्रविचित्र चिन्हं येतात.

नुक्ता
आला माझा विषय.

बॅच फाइल वाचताना कमांड प्रॉम्प्ट त्या घडीला चालू असलेलं कोडपेज (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर, याचा तक्ता) वापरतो. 'सीएचसीपी' ही आज्ञा द्या, बहुतेक ४३७ असं उत्तर येईल. ते मूळ आयबीएम पीसीच्या काळातलं कोडपेज. त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. नोटपॅड मात्र आता नवी फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या पद्धतीत जतन करतो, त्यात देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटांचं. ते तीन बाइट ४३७ च्या चष्म्यातून पाहिले की तीन वेगळी चिन्हं दिसतात. तुमची चित्रविचित्र चिन्हं तीच.

'मग एएनएसआयमध्ये (विंडोजच्या जुन्या कोडपेजात) जतन करते' म्हणाल तर तेही जमणार नाही. युरोपातल्या भाषांना, अरबीला, थाईला विंडोजमध्ये आपापलं एएनएसआय कोडपेज आहे. मराठी, हिंदी, कोकणी यांना ते कधी दिलंच गेलं नाही. या भाषा विंडोजमध्ये आल्या त्याच युनिकोडवर. इस्कीसाठी (भारतीय लिप्यांची जुनी संकेतपद्धत) ५७००२ हा क्रमांक आहे, पण तो रूपांतरापुरता, सिस्टिमचं कोडपेज म्हणून लावता येत नाही. म्हणून देवनागरी मजकूर एएनएसआयमध्ये जतन केलात की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात, आणि ती परत फिरत नाहीत.

करायचं असं. फाइलच्या वरच्या भागात, देवनागरी नाव येण्याआधी, ही ओळ घाला:

सीएचसीपी ६५००१ >नल

६५००१ म्हणजे यूटीएफ-८. आणि फाइल जतन करताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' निवडा, 'यूटीएफ-८ विथ बीओएम' नको. बीओएम असेल तर पहिल्या ओळीच्या सुरुवातीला तीन बाइट चिकटतात आणि कमांड प्रॉम्प्ट 'ही आज्ञा ओळखीची नाही' म्हणून पहिल्याच ओळीवर ओरडतो.

गंमत पाहा, विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ या दुसऱ्या स्क्रिप्ट-साधनाचं नेमकं उलटं. त्याच्या स्क्रिप्टमध्ये देवनागरी असेल तर बीओएम हवाच, नाहीतर तो फाइल एएनएसआय समजून वाचतो. एकाच विंडोजमध्ये, एकाच नोटपॅडमधून जतन केलेल्या दोन फाइली, एकीला बीओएम चालत नाही आणि दुसरीला त्याशिवाय चालत नाही. कुणाला सांगायचं?

कण्हेर
नुक्ता, उत्तर ४३७ च आलं. तुमची ओळ घातली, फाइल बिनबीओएमची जतन केली. आता संदेशात नाव स्वच्छ मराठीत दिसतं, 'साताऱ्याचे ग्राहक' सापडत नाही म्हणून. पण डेस्कटॉपवर अगदी हेच नाव आहे! अक्षर न् अक्षर जुळवलं.

नुक्ता
हा शॉर्टकट कुणी केला? तुम्हीच की दुसऱ्या कुणी?

कण्हेर
आमच्या सहकारी ताईंनी. त्या इनस्क्रिप्टने टाइप करतात, मी फोनेटिकने.

नुक्ता
मग तो 'ऱ्या' आहे.

मराठीतला हा अर्धा र दोन प्रकारांनी टंकता येतो. एक म्हणजे ऱ (खाली टिंब असलेला), मग हलन्त, मग या. इनस्क्रिप्टमध्ये हा ऱ शिफ्ट आणि जे दाबून मिळतो. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, हलन्त, मग एक न दिसणारा जोडक, मग या. हा झिरो विड्थ जॉइनर, युनिकोडमध्ये २००डी. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात:

साताऱ्याचे
सातार्‍याचे

पहिला दहा संकेतांचा, दुसरा अकरा. फाइलींची नावं ताडून पाहताना एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक सोडून देते, पण असले पर्याय एकसारखे करून घेत नाही. तिच्या लेखी ही दोन वेगळी नावं आहेत. पटत नसेल तर एकाच फोल्डरमध्ये दोन्ही नावांच्या फाइली करून बघा, विनातक्रार होतील.

हे दुखणं हिंदीवाल्यांना नाही, कारण हिंदीला असा र लागतच नाही. दुसऱ्या, वाऱ्यावर, कोऱ्या, तऱ्हा, सगळीकडे हेच. शोधपेटीत शब्द सापडत नाही, एक्सेलमध्ये व्हीलुकअप चुकतं, त्यातल्या कितीतरी तक्रारींचं मूळ इथे असतं. तुम्ही ग्राहकांची नावं दोघी मिळून भरत असाल तर 'गोऱ्हे' आणि तत्सम आडनावं आताच तपासून घ्या.

तूर्त उपाय: शॉर्टकटवर एफ२ दाबा, नाव कॉपी करा आणि स्क्रिप्टमध्ये चिकटवा. हाताने टाइप करू नका.

कण्हेर
उघडलं!!! आणि आडनावांचं म्हणालात ते वाचून पोटात गोळा आला. एक्सेलमध्ये 'कऱ्हाडे' दोनदा आहेत, दोघांचा पॅन एकच.

चहाबाज
वाखुसा (वाचनखूण साठवली). नुक्ता, यावर वेगळा धागा काढाच.

जुना खेळाडू
समस्या सुटली याचा आनंद आहे. पण मला ही रचनाच नाजूक वाटते. उद्या कुणी शॉर्टकटचे नाव बदलले, वनड्राइव्हचा बॅकअप बंद केला, सॉफ्टवेअर पुन्हा बसवले, की स्क्रिप्ट पुन्हा मोडणार. स्क्रिप्टमध्ये नावे आणि पत्ते हवेतच कशाला?

डी ड्राइव्हवर एक साधे फोल्डर करा. त्यात 'मॉर्निंग' नावाचे दुसरे फोल्डर, नाव रोमनमध्येच. सकाळी लागणारे सगळे शॉर्टकट डेस्कटॉपवरून त्यात कॉपी करा. स्क्रिप्ट बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवा. मजकूर एवढाच:

@इको ऑफ
फॉर %%एफ इन ("%~डीपी०मॉर्निंग\*.एलएनके" "%~डीपी०मॉर्निंग\*.यूआरएल") डू (
स्टार्ट "" "%%एफ"
टाइमआउट /टी ३ /नोब्रेक >नल
)

'%~डीपी०' म्हणजे स्क्रिप्ट स्वतः ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता, शेवटच्या तिरप्या रेघेसकट. त्यामुळे फोल्डर उचलून दुसरीकडे नेले तरी चालते. फाइलमध्ये टक्क्याची दोन चिन्हे लागतात. हीच ओळ थेट प्रॉम्प्टवर देऊन पाहायची असेल तर एकच.

देवनागरी नावांसाठी इथे सीएचसीपीचीही गरज नाही. फॉर ही आज्ञा नावे थेट फाइल सिस्टिमकडून युनिकोडमध्ये घेते, स्क्रिप्टच्या मजकुरातून नाही. दोन्ही प्रकारचे 'ऱ्या' सुखाने नांदतील.

क्रम हवा असेल तर नावांच्या आधी ०१, ०२ असे आकडे घाला. नुसते १, २ नकोत, नाहीतर १० हा २ च्या आधी येतो. मात्र वरच्या रचनेत आधी सगळ्या एलएनके आणि नंतर सगळ्या यूआरएल उघडतील.

बिनतारी
वा. मी असतो तर थेट प्रोग्रामच्या ईएक्सई फाइलीच उघडल्या असत्या, शॉर्टकटांचं मध्यस्थीचं काम काढून.

जुना खेळाडू
तो मोह टाळावा. शॉर्टकटमध्ये नुसता पत्ता नसतो. प्रोग्रामला द्यायचे पर्याय असतात, खिडकी छोटी उघडायची की मोठी ते असते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'स्टार्ट इन' फोल्डर. हिशेबाचे कित्येक जुने प्रोग्राम आपला डेटा चालू फोल्डरमध्ये शोधतात. ईएक्सई थेट उघडलीत तर चालू फोल्डर स्क्रिप्टचे राहते, प्रोग्रामला कंपन्यांची यादी सापडत नाही आणि ऑफिसात 'डेटा उडाला' म्हणून बोंब होते.

चहाबाज
फोल्डर कशाला करायचं, फॉरला डेस्कटॉपच दाखवला तर? तिथलं सगळंच उघडेल.

उपेक्षित कर्सर
सगळंच उघडेल. त्यात तुमच्या या स्क्रिप्टचा शॉर्टकटही आला. तो स्क्रिप्ट उघडणार, ती पुन्हा सगळं उघडणार, त्यात पुन्हा तो. संगणक बटण दाबून बंद करावा लागेल.

चहाबाज
चहा सांडला.

पेंग्विनपंत
अवांतर: शॉर्टकट आणि आपोआप उघडणं हे शब्द एकत्र ऐकले की स्टक्सनेट हा व्हायरस आठवतो. २०१० सालची गोष्ट. विंडोज एलएनकेचं चित्र कसं दाखवतं यातल्याच एका त्रुटीचा त्याने फायदा घेतला. डबलक्लिकसुद्धा नको, पेनड्राइव्हचं फोल्डर उघडून आयकॉन नुसता दिसला तरी पुरे. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी ऑगस्टमध्ये दुरुस्ती काढली.

आपल्याकडच्या सायबर कॅफेंत पेनड्राइव्हमधल्या फोल्डरांचे शॉर्टकट व्हायचे, तो प्रकार वेगळा. त्यात खरी फोल्डरं नुसती लपवलेली असत आणि 'ॲट्रिब' आज्ञेने परत दिसत. कण्हेर, मेलमधून कुणी एलएनके पाठवली तर ती त्या मॉर्निंग फोल्डरमध्ये टाकू नका, एवढंच.

कण्हेर
जुना खेळाडू, तुमची रचना केली, मस्त चालते. शेवटचा हट्ट: संगणक सुरू झाला की हे आपोआप झालं तर? टास्क शेड्यूलरमध्ये लावून पाहिलं. 'यशस्वी' अशी नोंद दिसते, पडद्यावर काहीच नाही.

बिनतारी
तिथे 'युजर लॉग-ऑन असो वा नसो' हा पर्याय निवडलाय का? मग प्रोग्राम उघडतात, पण सत्र क्रमांक शून्यात. व्हिस्टापासून ते सत्र पडद्यापासून तोडलेलं आहे, तिथे उघडलेली खिडकी कुणालाच दिसत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डोकावा, सापडतील. बंद करा आधी, नाहीतर आवक-नोंद 'दुसऱ्याने उघडली आहे' म्हणेल.

शेड्यूलर सोडाच. विंडोज आणि आर दाबून 'शेल:स्टार्टअप' लिहा, जे फोल्डर उघडेल त्यात स्क्रिप्टचा शॉर्टकट ठेवा. झालं.

कण्हेर
ठेवला. सगळं उघडतं, फक्त आवक-नोंद सापडत नाही म्हणतो. नंतर हाताने उघडली की उघडते.

जुना खेळाडू
लॉग-इन झाल्या क्षणी नेटवर्क ड्राइव्ह जोडलेले असेलच असे नाही. त्या शॉर्टकटच्या 'टार्गेट'मध्ये झेड ऐवजी सर्व्हरचा पूर्ण पत्ता द्या, दोन उलट्या तिरप्या रेघा, सर्व्हरचे नाव, मग शेअरचे नाव. आणि शॉर्टकटच्या नावाआधी ९९ घाला, म्हणजे एलएनकेंमध्ये तो शेवटी उघडेल आणि नेटवर्कला तेवढाच वेळ मिळेल.

कण्हेर
आज सकाळी दोन्ही करून पाहिलं. उघडली, ड्राइव्हवर लाल फुली असतानाही. सगळ्यांचे आभार. संपादक मंडळ, शीर्षकात 'सुटले' असं जोडता येईल का?

नुक्ता
जोडा. आणि कऱ्हाड्यांचं काय झालं?

कण्हेर
एकच निघाले. दोन फाइली होत्या त्यांच्या, एकीत गेल्या वर्षीचे कागद आणि दुसरीत या वर्षीचे. सर आता सगळी यादी तपासायला बसलेत.